साथीचा गाडा कोणाच्या शिवेत?

पटकीची साथ आली की आपल्या खेड्यांतून मरीआईचा गाडा निघत असे. खण-नारळ, लिंब, हळद-कुंकू ठेवलेला तो गाडा वाजतगाजत शिवेवर न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून परत यायचे. त्या गावालाही तो आपल्या शिवारात नको असे. म्हणून ते लोक तो पुढच्या शिवेपर्यंत ओढत नेत. मरीआईची सेवा महार-मांगांकडे. अंगावर कोरडे ओढून घेणारा पोतराज मांगवाड्यातला. साथीशी गावाचा जो काही व्यवहार व्हायचा, तो गावाने असा गावकुसाबाहेरच्या माणसांवर टाकलेला होता.

आपल्या चळवळीने ही प्रथा नाकारली, पोतराजांचे केस कापले. ते योग्यच झाले. परंतु त्या प्रथेच्या बुडाशी जो विचार होता, म्हणजे रोग नाहीसा न करता तो आपल्या हद्दीबाहेर ढकलायचा हा, तो विज्ञानाच्या युगात संपला काय? आज ज्याला ‘जागतिक आरोग्य-सुरक्षा’ आणि ‘महासाथीची सज्जता’ म्हटले जाते, त्याचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘होय’ असे देता येत नाही. प्रस्तुत लेखात हा इतिहास एका माणसाच्या कारकिर्दीच्या आधाराने तपासायचा आहे. तो माणूस म्हणजे अमेरिकन साथरोगतज्ज्ञ डॉनल्ड हेंडरसन (१९२८-२०१६). पृथ्वीवरून देवीचा रोग हटवणाऱ्या मोहिमेचा तो प्रमुख होता. आणि पुढे अमेरिकेच्या सुरक्षा-सज्जतेचाही तोच एक शिल्पकार होता. एकाच आयुष्यात हे दोन टप्पे आले, म्हणून हे चरित्र आपल्या अभ्यासाचा विषय होते.

व्हेनिस आणि मुंढवा

हेंडरसनकडे येण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. युरोपातील राष्ट्रे हादरली. मुंबईचा माल आणि मुंबईची माणसे युरोपच्या बंदरांत रोग घेऊन येतील, ही त्यांची धास्ती. म्हणून फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. मुंबईतला रोगी कसा जगेल यापेक्षा मुंबईचा रोग युरोपच्या दारात कसा येणार नाही, हा तिचा मुख्य विषय होता. त्याच फेब्रुवारीत हिंदुस्थान सरकारने साथरोग कायदा केला. कायदा इनमिन चार कलमांचा. प्रवाशाला अडवण्याचा, तपासण्याचा, वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यात आहे. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे. अधिकाऱ्याला संरक्षण आहे. रोग्याला औषध किंवा अन्न देण्याचे बंधन मात्र सरकारवर कोठेही नाही.

ही परिषद चालू होती त्याच मार्च महिन्यात पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांचा दवाखाना तेथे चालत असे. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

एकाच महिन्यातली ही दोन दृश्ये आहेत. एका ठिकाणी रोगी म्हणजे शिवेबाहेर ठेवायचा धोका. दुसऱ्या ठिकाणी रोगी म्हणजे पाठीवर घ्यायचे माणूस. साथीच्या साऱ्या राजकारणात या दोन भूमिकांचा झगडा आहे. हेंडरसनच्या कारकिर्दीतही तोच दिसतो.

हेरखाते आणि वैद्यक

हेंडरसनचा जन्म ओहायो राज्यातील लेकवुडचा. १९४७ साली तो अठरा वर्षांचा असताना न्यूयॉर्क शहरात देवीचे बारा रोगी निघाले. त्या बारा जणांपायी शहराने साठ लाखांहून अधिक लोकांना लस टोचली. या घटनेने त्याचे कुतूहल जागे झाले. त्याच काळात आपल्याकडे देवी हे दरसालचे दुखणे होते. आई-बाप मुलांची गणती देवी येऊन गेल्यावर करीत. बारा रोग्यांनी न्यूयॉर्क हलले; आपल्याकडच्या हजारोंनी कोणी हलत नव्हते.

१९५४ साली हेंडरसन डॉक्टर झाला आणि १९५५ साली ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ या खात्यात दाखल झाला. हे नाव ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ‘इंटेलिजन्स’ म्हणजे येथे हेरगिरी. कोरियन युद्धाच्या काळात शत्रू रोगजंतूंचा हल्ला करील या भीतीचा आधार घेऊन अलेक्झांडर लँगम्यूर यांनी १९५१ साली हे खाते उभे केले होते. म्हणजे ज्या विद्येने पुढे गरीब देशांतील लक्षावधी मुलांचे प्राण वाचवले, ती संस्थारूपाने जन्मली तीही युद्धाच्या भीतीतून. यात लँगम्यूरला दोष देण्याचे कारण नाही. त्याने ही माणसे रोजच्या साथींच्या तपासाला लावली. परंतु पैसा मिळतो तो गरिबाच्या दुखण्यासाठी नव्हे, श्रीमंताच्या भीतीसाठी. हा धडा या क्षेत्राला जन्मापासूनच मिळाला.

सरासरीबाहेरची माणसे

जगातून देवी हटवावी हा ठराव १९५८ साली जागतिक आरोग्य परिषदेत मांडला तो रशियाच्या व्हिक्टर झ्दानोव यांनी. आठ वर्षे तो जवळजवळ कागदावर राहिला. १९६६ साली जोरदार मोहीम घेण्याचा आणि तिला वर्षाला सुमारे चोवीस लाख डॉलर देण्याचा प्रस्ताव अवघ्या दोन मतांच्या फरकाने संमत झाला. संघटनेच्या महासंचालकांचाच या कामावर विश्वास नव्हता. अपयश आले तर ते अमेरिकेच्या माथी जावे म्हणून त्यांनी अमेरिकन प्रमुख मागितला, असे हेंडरसनने पुढे लिहून ठेवले आहे. १९६७ साली मोहीम सुरू झाली तेव्हा एकतीस देशांत देवी ठाण मांडून होती आणि वर्षाला एक कोटीहून अधिक लोकांना ती होत होती. मुदत दहा वर्षांची होती.

साधने फार नव्हती. उष्ण प्रदेशात टिकणारी सुकी लस होती, आणि दोन टोकांची एक साधी सुई होती. ही सुई काढणाऱ्या वाइथ या अमेरिकन औषध कंपनीने तिच्यावरचा स्वामित्वहक्काचा मोबदला सोडून दिला होता. तिने लस थोडी लागे आणि अक्षरओळख नसलेला माणूसही थोड्या वेळात टोचायला शिके. लसीच्या दर्जाबाबत हेंडरसन कडक होता. अनेक देशांतली लस कसोटीला उतरत नाही हे त्याने उघड केले.

परंतु मोहिमेचा खरा धडा लसीचा नाही. तो मोजणीचा आहे. भारताने १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. ऐंशी टक्के लोकांना टोचले की साथ थांबेल, असा हिशेब होता. आकडे भराभर वाढले, तरी साथी थांबेनात. तपासणी झाली तेव्हा दिसले, की टोचणी शाळेत होत होती आणि त्याच त्या मुलांच्या दंडावर पुन्हा पुन्हा होत होती. टक्केवारी भरत होती. माणसे सुटत होती. जी सुटत होती ती गर्दीच्या झोपड्यांतली, पोटासाठी हिंडणारी, शाळेत न गेलेली. देवी डॉक्टर गावात येई तेव्हा तो चावडीवर बसे की गावकुसाबाहेर येई, हे आपल्या वाचकाला सांगायला नको. सरासरी ही प्रस्थापितांची सोय असते. शंभरातील ऐंशी सुरक्षित झाले, असे ती सांगते. उरलेले वीस एकाच वस्तीत राहतात, हे ती सांगत नाही. रोगाला मात्र ती वस्ती बरोबर सापडते.

यावर मार्ग निघाला तो टंचाईतून. डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात विल्यम फेगी या डॉक्टरकडे लस फार थोडी होती. सर्वांना टोचणे शक्यच नव्हते. म्हणून त्याने आधी रोगी कोठे आहेत ते शोधले आणि रोग्याभोवतीच्या माणसांनाच टोचले. साथ विझली. हेंडरसनने हीच पद्धत मोहिमेचे धोरण केले. आधी रोगी शोधा, मग त्याच्याभोवती कडे करा. या पद्धतीत सरासरीला किंमत नाही. शेवटचा रोगी सापडेपर्यंत काम संपत नाही, आणि शेवटचा रोगी नेहमी शेवटच्या वस्तीत असतो. त्यामुळे राज्ययंत्रणेला प्रथमच त्या वस्तीत जाणे भाग पडले.

भारतात १९७३ च्या ऑक्टोबरपासून घरोघर शोध सुरू झाला. डॉ. एम. आय. डी. शर्मा, डॉ. महेंद्र दत्ता यांच्यासारखे आपले अधिकारी आणि जागतिक संघटनेच्या डॉ. निकोल ग्रासे यांनी तो उभा केला. देवी आलेल्या मुलाचे चित्र हाती घेऊन लाखाहून अधिक कर्मचारी महिन्यामहिन्याला कोट्यवधी घरे फिरत. शाळेत, बाजारात, चहाच्या दुकानात विचारीत. रोगी दाखवणाऱ्याला आधी पन्नास रुपये इनाम होते. शेवटी ते हजारावर गेले. शोध नीट होऊ लागला तसे दडलेले रोगी बाहेर आले. १९७४ साली देशात १ लाख ८८ हजार रोग्यांची नोंद झाली. एकट्या बिहारात त्या मे महिन्याच्या एका आठवड्यात आठ हजारांवर रोगी निघाले. पुढच्या मे महिन्यात बिहारातच देशातला शेवटचा स्थानिक रोगी नोंदला गेला.

दार फोडून

या यशाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ज्या वस्तीत राज्य कधी शिक्षक घेऊन गेले नव्हते, पाणी घेऊन गेले नव्हते, तेथे ते सुई घेऊन गेले. आणि वेळप्रसंगी पोलीस घेऊन गेले. तेव्हाच्या बिहारातील सिंगभूम जिल्ह्यात हो आदिवासींच्या एका घराचे दार रात्री फोडून घरातल्यांना धरून लस टोचल्याची हकीकत त्या पथकातील अमेरिकन डॉक्टरनेच छापून ठेवली आहे. घरधन्याने आणि त्याच्या बायकोने जीव खाऊन प्रतिकार केला. सारे संपल्यावर घरधनी उठला, वेलीवरची काकडी तोडून त्याने डॉक्टरच्या हातात दिली आणि आपली बाजू मांडली. तुम्ही तुमचे कर्तव्य केलेत, मी माझे केले. आता तुम्ही माझ्या घरचे पाहुणे आहात, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

लस योग्य होती. त्या माणसाची समजूत, रोग देवाच्या इच्छेने येतो ही, चुकीची होती. विज्ञाननिष्ठ माणसाने हे स्पष्टच म्हटले पाहिजे. पण त्या रात्री त्या घरात मनुष्यत्वाची प्रतिष्ठा कोणी राखली, हाही प्रश्न उरतोच. ज्याचे हित करायचे त्याला विचारायचे नाही, ही आपल्याकडच्या राज्यकर्त्यांची जुनी सवय आहे. विज्ञानाने ती सवय वापरली तर ती पवित्र होत नाही.

मोहिमेच्या शेवटच्या पानांवर जी नावे आहेत ती पाहा. भारतातली अखेरची रोगी सैबान बीबी. बांगलादेशातून आलेली, आसामातील करीमगंज स्टेशनच्या फलाटावर भीक मागून जगणारी बाई. तीव्र प्रकारच्या देवीची अखेरची रोगी रहिमा बानू. बांगलादेशातील भोला बेटावरची दोन-तीन वर्षांची पोर, ऑक्टोबर १९७५ मधली. आठ वर्षांच्या एका मुलीने तिची खबर दिली. जगात निसर्गतः देवी झालेला अखेरचा माणूस अली माओ मालिन. सोमालियातल्या मर्का गावच्या इस्पितळातला स्वयंपाकी, २६ ऑक्टोबर १९७७. दोन रोग्यांच्या गाडीला वाट दाखवायला तो गाडीत बसला, तेवढ्यात त्याला लागण झाली. तो बरा झाला. पुढे आपल्या देशात पोलिओच्या लसीचा प्रचार करीत तो हिंडला आणि २०१३ साली त्याच कामावर असताना हिवतापाने वारला. देवी गेली, हिवताप राहिला. रहिमा बानूच्या घरची गरिबीही राहिली. रोग संपवायला जग त्या दारापर्यंत गेले. रोग संपताच परत फिरले.

८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. हेंडरसन तोपर्यंत जिनिव्हा सोडून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आरोग्यशाळेचा प्रमुख झाला होता.

शीव पुन्हा आखली जाते

रोग गेला तरी विषाणू उरला. अटलांटा आणि रशिया येथील दोन प्रयोगशाळांत तो ठेवला गेला व आजही आहे. तो नष्ट करावा, असे हेंडरसन आग्रहाने सांगत राहिला. मुदती ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. सोव्हिएत राजवटीने देवीचे शस्त्र बनवण्याचे काम केले होते, हे पुढे फुटून आलेल्या शास्त्रज्ञाने उघड केले. तेव्हा ज्याने देवी संपवली तोच माणूस देवीच्या हल्ल्याविरुद्ध सज्जतेच्या कामाला लागला. १९९८ साली त्याने जॉन्स हॉपकिन्समध्ये नागरी जैवसंरक्षणाचे केंद्र काढले. जून २००१ मध्ये या केंद्राच्या सहभागाने वॉशिंग्टनजवळ एक लुटुपुटूची मोहीम झाली. अमेरिकेत कोणी देवी पसरवली तर काय होईल, याची ती रंगीत तालीम होती. रोग आता रहिमाच्या झोपडीत शोधायचा नव्हता. तो शत्रूच्या हातात कल्पायचा होता. साथरोगतज्ज्ञांच्या शेजारी सेनापती येऊन बसले.

ही सुरक्षा कोणाची, याचे उत्तर चार महिन्यांतच मिळाले. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली. वॉशिंग्टनमध्ये सिनेटरच्या कचेरीत असे पाकीट १५ ऑक्टोबरला उघडले. तेथील कर्मचाऱ्यांची त्याच दिवशी तपासणी झाली, औषध सुरू झाले. ते पाकीट ज्या ब्रेंटवुड टपालकेंद्रातून आले होते, तेथील कामगारांची संख्या बहुतांशी कृष्णवर्णीयांची. बंद पाकिटातून जंतू बाहेर पडणार नाहीत, असा तज्ज्ञांचा अदमास होता. केंद्र चालूच राहिले. ते २१ ऑक्टोबरला बंद झाले. त्या दोन दिवसांत थॉमस मॉरिस आणि जोसेफ कर्सीन हे दोन टपालकामगार मरण पावले. दोघेही कृष्णवर्णीय. आज ते केंद्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. कोणी मुद्दाम त्यांना मारले असे नाही. पण पाकीट उघडणाऱ्याचा जीव आधी आठवतो आणि पाकीट वाहणाऱ्याचा नंतर, हे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातही खरे ठरले. ब्लॅक पँथरपासून ज्यांनी आपले नाव घेतले त्या पँथरांच्या पिढीला या घटनेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

या घटनेनंतर थोड्याच दिवसांत हेंडरसन अमेरिकन सरकारच्या नव्या आरोग्य-सज्जता कचेरीचा प्रमुख झाला.

तरीही त्याला केवळ सुरक्षावादी म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. २००६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याने आपल्या सहकाऱ्यांसह इन्फ्लुएंझाच्या संभाव्य महासाथीवर एक निबंध लिहिला. मोठ्या लोकसमूहांना कोंडून ठेवणे, प्रवासबंदी, सरसकट बंदी यांच्या उपयोगाबद्दल त्याने त्यात गंभीर शंका घेतली. समाजाचे रोजचे व्यवहार कमीत कमी मोडले तरच समाज साथीला नीट तोंड देतो, असे त्याचे म्हणणे होते. आयुष्यभर झोपड्यांतून रोग शोधणाऱ्या माणसाला कळले होते की हुकूम सर्वांना सारखा असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. २०१६ साली तो वारला.

८ मे

२०१९ च्या ऑक्टोबरात जॉन्स हॉपकिन्सच्या त्याच केंद्राने इतर संस्थांसह जगातल्या देशांचा ‘आरोग्य-सुरक्षा निर्देशांक’ प्रसिद्ध केला. पहिला क्रमांक अमेरिकेचा, दुसरा ब्रिटनचा. काही महिन्यांतच कोविडची महासाथ आली आणि पहिल्या क्रमांकाच्या देशात अकरा लाखांहून अधिक माणसे मेली. यंत्रे, कोठारे, योजना यांची मोजणी झाली होती; आजारी असूनही कामावर जावे लागणाऱ्या माणसाची झाली नव्हती.

आपल्याकडे १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला, जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. २४ मार्च २०२० च्या रात्री चार तासांच्या अवधीने देश बंद झाला. ज्यांना घर होते ते घरात गेले. ज्यांचे घर कामाच्या जागी नव्हते ते रस्त्यावर आले. हेंडरसनच्या निबंधातली शंका या रस्त्यांवर खरी ठरली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी जायला रुळांवरून चालत निघाले. त्यांतले अनेक आदिवासी होते. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ पहाटे मालगाडीने त्यांतल्या सोळा जणांना चिरडले. तारीख होती ८ मे २०२०. जग देवीमुक्त झाल्याच्या घोषणेला त्याच दिवशी बरोबर चाळीस वर्षे झाली.

लसीचीही तीच कथा. देवीच्या सुईवरचा हक्क एका कंपनीने सोडला होता. कोविडच्या लसींवरचे हक्क काही काळ स्थगित ठेवा, असा प्रस्ताव भारत व दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये मांडला. जून २०२२ मध्ये त्यातून एक कातरलेला तोडगा निघाला, तोवर साथीचा जोर ओसरत आला होता. मे २०२५ मध्ये महासाथीविषयी जागतिक करार संमत झाला. पण जंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना त्यातून बनलेल्या औषधांचा वाटा कसा मिळावा, हा कळीचा भाग तेव्हा पुढील वाटाघाटींसाठी ठेवण्यात आला.

आपला प्रश्न

या साऱ्या इतिहासातून विज्ञानविरोधी निष्कर्ष कोणी काढू नये. पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकांच्या हातावर देवी काढल्याचे वण आहेत. त्या वणांनी आपल्या वस्त्या वाचवल्या आहेत. देवी मंत्राने गेली नाही, नवसाने गेली नाही. ती विज्ञानाने गेली. आणि शेवटचा माणूस मोजल्यावाचून विज्ञानालाही यश आले नाही. हेंडरसनच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धाचे सार हेच आहे. उत्तरार्धात शब्द बदलले आणि शब्दांबरोबर नजर बदलली. ज्याला शोधून बरे करायचे होते, तोच माणूस आता शिवेबाहेर ठेवायचा धोका ठरू लागला.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी या क्षेत्राकडे पाठ फिरवू नये. साथरोगशास्त्र ही मोजण्याची विद्या आहे; आणि कोणाला मोजायचे, कोणाला सरासरीत बुडवायचे, हा निर्णय मोजणाराच घेतो. तो मोजणारा आपल्या वस्तीतून यायला हवा. आज घरोघर जाऊन रोगी शोधण्याचे काम आशा कार्यकर्त्या करतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तरी सरकारच्या लेखी त्या अजून कर्मचारी नाहीत, मानधनावरच्या स्वयंसेविका आहेत. महासाथीची सज्जता आहे की नाही, हे तपासायला निर्देशांक लागत नाही. त्या आशाताईला पगार आहे काय, तिच्या वस्तीत पाणी आहे काय, साथीच्या दिवसांत मजुराच्या घरी धान्य पोचेल काय, एवढे विचारले तरी पुरे.

मरीआईचा गाडा आपण शिवेवर थांबवला. हा दुसरा गाडा फायली, नकाशे आणि निर्देशांक घेऊन येतो, म्हणून तो चटकन ओळखू येत नाही. तोही आपल्याच वस्तीच्या हद्दीत आणून सोडला जातो. त्याला ओळखणे आणि थांबवणे हे आपले काम आहे. आणि ते करताना रोग्याला पाठीवर घेण्याची सावित्रीबाईंची वाट आपल्याला सोडता येणार नाही.